गुलाबी तूप

बाटली तपकिरी काचेची होती, बोटभर उंचीची, आणि नगरहून गावी येताना एसटीत ती मी रुमालात गुंडाळून मांडीवर अशी धरली होती, जशी काही कुणाची ओली बाळंतीण नि तिचं तान्हं माझ्या हवाली केलेलं आहे. कुणीतरी विचारावं, काय आहे हो ताई त्यात, म्हणून मी अधूनमधून रुमाल सोडायची, बाटली उजेडाकडे धरून पाहायची आणि पुन्हा गुंडाळायची. घोडेगाव यायला आलं तरी कुणी विचारेना. शेवटी शेजारच्या म्हातारीला माझी दया आली असावी. "औशिद हाय व्हय बाई? कुनाला बरं न्हाई?" तिनं विचारलं. मी मान ताठ केली आणि म्हटलं, "औषध नाही. फरफ्युराल." म्हातारीनं हात जोडून कपाळाला लावले आणि म्हणाली, "देव बरं करील, काळजी नको करू."

तर अशी मी होते. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, आमच्या गावातून नगरच्या वसतिगृहात राहून शिकणारी पहिली मुलगी, आणि ही गोष्ट गावातल्या कुणाच्या नजरेतून सुटू नये याची पुरेपूर काळजी घेणारी. दिवाळीच्या सुट्टीत घरी येताना मी प्रयोगशाळेतला पांढरा कोट धुऊन, इस्त्री करून पिशवीत सगळ्यात वर ठेवला होता. घरी पोचल्यावर हातपाय धुतले आणि तो कोट अंगात चढवून स्वयंपाकघरात गेले. भागूआत्या चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं आणि मगच बोलली. "नर्स झालीस व्हय गं? मग माझं ढोपर बघ आधी. लई दुखतंय."

भागूआत्या म्हणजे आमच्या अण्णांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून अण्णांनी तिला घरी आणलं, आणि तिनं येताक्षणी घराचा ताबा घेतला. माझी आई स्वभावानं अबोल. दोघींत भांडण कधी झालं नाही, कारण भांडायला दोन माणसं लागतात. आत्याचे नियम फार. तिन्हीसांजेला कुणाला मीठ द्यायचं नाही. शनिवारी घरात नवं लोखंड आणायचं नाही. कुणाच्या घरून येताना भांडं रिकामं आणायचं नाही, चिमूटभर साखर का होईना, त्यात काही असलं पाहिजे. पण तिचा सगळ्यात कडक नियम होता शिंगणापूरचा. शनिदेवाला न्यायचं तेल तिथंच संपलं पाहिजे. थेंबही घरी परत येता कामा नये. आलं, तर ज्याच्यासाठी वाहायचं तेच पाठोपाठ घरी येतं, असं ती डोळे मोठे करून सांगायची. आमच्या घरी स्वयंपाक करडईच्या तेलात व्हायचा. तिळाचं तेल म्हणजे देवाचं. घाण्यावरून आणलेलं ते तेल कोनाड्यात वेगळं ठेवलेलं असायचं, आणि दर शनिवारी पहाटे त्यातलं पितळी किटलीत ओतून आत्या नि अण्णा बैलगाडीनं शिंगणापूरला जायचे. बायकांना चौथऱ्यावर चढायची तेव्हा मुभा नव्हती. त्यामुळे आत्या खाली उभी राहायची, आणि अण्णा अंघोळ करून ओल्या धोतरानं वर जाऊन तेल वाहायचे. आत्या खालून सूचना करायची. इतक्या मोठ्यानं, की नवीन माणसाला वाटावं ही इथली व्यवस्थापक आहे.

पण मी बाटलीचं सांगत होते. फरफ्युराल हे आमच्या सरांचं लाडकं द्रव्य होतं. शिकवताना त्यांनी पहिल्याच तासाला एक चिपाड हातात धरलं आणि विचारलं, "याच्यातून बदामाचा वास कोण काढून दाखवेल?" वर्ग हसला. निम्म्या वर्गाच्या घरी ऊस होता. चिपाडाचा वास आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. मग त्यांनी सांगितलं की चिपाडं, मक्याची बुरकुंडं, कोंडा, शेतात जे जे आपण गुरांपुढं टाकतो किंवा जाळतो, ते आम्लात उकळून त्याची वाफ धरली की हे तेलासारखं द्रव्य हाती येतं. नावाचा मूळ अर्थसुद्धा कोंडाच. ताजं असताना पाण्यासारखं नितळ, मग हवा लागली, उजेड लागला की पिवळं, तांबूस आणि शेवटी काकवीसारखं काळं होतं. म्हणून तपकिरी बाटली. वास मात्र जात नाही. आधी कडू बदामाचा, मग जरा वेळानं नाकाला वाटतं की कुठंतरी पाव भाजताहेत, आणि अगदीच सौम्य केलं तर तव्यावरून नुकतीच उतरलेली भाकरी. माझी नात पुण्याला फूड टेक्नॉलॉजी शिकते. ती परवा मला एका काचेच्या दुकानात कॉफी प्यायला घेऊन गेली आणि म्हणाली, "आज्जी, या कॉफीच्या वासात तुझं फरफ्युराल आहे, माहितीये? टोस्टच्या कडेतपण असतं." मी म्हटलं, माझं आहे तर मग तू पैसे का दिलेस? ती सांगते की गुऱ्हाळाच्या काहिलीतसुद्धा ते तयार होतं, आणि खाण्याच्या सुगंधात वापरायचं तर अगदी कणभर घालतात, कारण मुळात ते विषारीच. कारखान्यांत मात्र ते पिंपांनी लागतं, वंगणाचं तेल शुद्ध करायला नि ओतकामाच्या साच्यांची राळ बनवायला. हे सगळं तेव्हा आम्हाला सरांनीही सांगितलं होतं. पण माझं त्यातल्या एकाच उपयोगावर मन बसलं होतं, आणि तो म्हणजे तुपाची परीक्षा.

ती अशी. वनस्पती तूप बनवणाऱ्यांना सरकारनं सक्ती केली होती की त्यांनी त्यात थोडं तिळाचं तेल मिसळलंच पाहिजे. चवीसाठी नव्हे, ओळखू यावं म्हणून. चोराच्या खिशात आधीच घंटा ठेवल्यासारखं. कारण तिळाच्या तेलाची या फरफ्युरालशी गाठ पडली, आणि सोबत तीव्र आम्ल असलं, की ते लाजून लाल होतं. साजूक तूप होत नाही. म्हणजे कुणी साजूक तुपात वनस्पती मिसळून विकलं, तर पातळ करून नळीत घ्यायचं, आम्ल घालायचं, मद्यार्कात विरघळवलेल्या फरफ्युरालचे थेंब टाकायचे, हलवायचं आणि पाहायचं. खालचा थर गुलाबी झाला, वर पाणी घालून हलवलं तरी गुलाबीच राहिला, तर तूप खोटं. मला ही परीक्षा इतकी आवडली होती की सरांनी तीच सामग्री मला सुट्टीत गावाला दाखवायला म्हणून दिली. नळ्या, आम्लाची बाटली लाकडी पेटीत, आणि ही तपकिरी बाटली. "वास घ्यायचा, पण तोंडात कुणी घालता कामा नये," एवढं त्यांनी बजावलं. त्यांना भागूआत्या माहीत नव्हती. तिनं बूच उघडून वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "बदामाचं हाय हे. एक थेंब शिऱ्यात टाक की गं." मी बाटली तिच्या हातातून काढून घेतली, तेव्हा मी चिक्कू झाले आहे असा तिचा कायमचा समज झाला.

आता मुख्य गोष्टीकडे यावं लागेल, कारण नुसत्या प्रयोगासाठी मी हे प्रकरण लिहीत नाही. मला पुढं एमएस्सीला पुण्याला जायचं होतं. ही गोष्ट मी घरी कुणाला धडपणे सांगितली नव्हती. आईला सांगितली होती, म्हणजे कुणालाच नाही. आणि इकडे आत्यानं माझ्यासाठी स्थळ पाहिलं होतं. तिच्या नणंदेचा, सरूबाईंचा, मुलगा बाळासाहेब. साखर कारखान्यात काट्यावर नोकरी, घरी ऊस, गोठ्यात म्हशी. मी येण्याच्या आदल्या शनिवारीच आत्या नि अण्णा शिंगणापूरहून परतताना सरूबाईंच्या घरी गेले होते. बोलणं जवळजवळ पक्कं करून आले होते. सरूबाईंनी मुलीला खाऊ घाला म्हणून घरचं म्हशीचं तूप दिलं होतं. ते आता आमच्या चिनी मातीच्या बरणीत, फळीवर, माझ्याकडे तोंड करून बसलं होतं. आत्या मला येताजाता भाकरीवर ते वाढायची आणि म्हणायची, "खा. सासरचं हाय." मी खायची. तूप होतंच तसं, रवाळ, खमंग, खाली थोडी बेरी. तोंडानं खात होते आणि मनात पुण्याला जाणारी एसटी सुटताना दिसत होती. अण्णांना नाही म्हणायचं मला धाडस नव्हतं. आमच्या घरी अण्णांना कुणी नाही म्हणत नसे. फक्त म्हशी म्हणायच्या, लाथ मारून.

प्रयोगाची संध्याकाळ आली. मी ओसरीवर पाट मांडला, कोट घातला, आणि आजूबाजूच्या बायका, त्यांची पोरं आणि अण्णांचे डेअरीवरचे दोनतीन स्नेही यांच्यापुढं उभी राहून अशा भाषेत बोलायला लागले की आज आठवलं तरी मी एकटीच हसते. "या द्रावणात आपण आता रिएजंट मिसळणार आहोत," मी म्हणाले. "इकडं ये, तुझ्या नाकातलं द्रावण पुस आधी," शेजारची काकू आपल्या मुलाला म्हणाली. पहिली परीक्षा आमच्या घरच्या तुपाची. आत्याच्या हातचं. नळी हलवली, ठेवली, सगळ्यांनी माना पुढं केल्या. काहीच झालं नाही. तूप वर, आम्ल खाली, दोन्ही आपापल्या रंगात. "शुद्ध!" मी जाहीर केलं. आत्यानं पदर खोचला आणि सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू परीक्षेला नळी नव्हे ती स्वतः बसली होती. आणि मग, त्या विजयाच्या भरात, तिनंच म्हटलं, "आता वन्संचं बघ. बघू द्या ह्यांना, माझ्या सासरचं घर कसं हाय ते."

बरणी आली. मी चमचाभर तूप दिव्यावर पातळ केलं, नळीत ओतलं, आम्ल घातलं, थेंब टाकले. बदामाचा वास ओसरीभर झाला. नळी हलवली आणि पाटावर उभी केली. मी मनात काय म्हणत होते ते सांगायला नको. तेव्हा माझा देवावर विश्वास नव्हता, पण त्या क्षणी मी बऱ्याच देवांना नावानिशी हाका मारल्या. आणि तळाशी, आधी कुणी कुंकवाची बोटं धुतलेल्या पाण्यासारखा हलका, मग जास्वंदीसारखा, रंग चढला. मी पाणी घालून हलवलं. रंग हटेना.

अण्णांनी विचारलं, "म्हंजी काय?"

"म्हणजे तुपात वनस्पती आहे, अण्णा," मी म्हणाले. आवाज कसाबसा दुःखी ठेवला.

अण्णा दुधाच्या बाबतीत कट्टर. डेअरीवर दुधात पाणी घालणाऱ्याशी ते बोलणं टाकायचे, वर्ष वर्ष. ते उठले, धोतराचा सोगा झटकला. "ज्या घरात तुपात खोटं, त्या घरात आमची पोरगी जानार न्हाई. संपलं," ते म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून, सगळ्यांच्या देखत, कारण त्यांनाही आता काहीतरी मोठं करून दाखवायचं होतं, म्हणाले, "तुला म्होरं शिकायचं हाय न्हवं? तुझ्या आईनं सांगितलं मला. जा. पुन्याला जा. शब्द दिला." मी आईकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर नेहमीप्रमाणे काहीच नव्हतं. अबोल माणसं काय काय करत असतात ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मी हवेत होते. आत्या मात्र जमिनीवर, अगदी जमिनीवर, मागच्या दारी पाठ करून बसली होती. तिचा नवरा गेल्यावर सासरशी जो काही धागा उरला होता, तो सरूबाईंचा. सणाला लुगडं त्यांच्याकडून यायचं, आजारपणात त्यांचा निरोप यायचा. आता त्यांच्या घरावर भेसळीचा शिक्का बसला होता, तोही तिनं स्वतः बरणी पुढं केल्यामुळे, आणि तोही गावभर. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती कोरडी भाकरी खायला लागली. तूप वाढायला गेलं की हात आडवा धरायची. "नको. मला खोटं चालत न्हाई न् खरं बी गिळवत न्हाई," ती म्हणाली. मी तिची समजूत काढायला गेले, म्हणाले, आत्या, हे शास्त्र आहे, शास्त्राला सासर-माहेर नसतं. तिनं माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, "म्हनून त्याचं लगीन झालं न्हाई आजून."

आमच्या भागात बातमीला एसटी लागत नसे. घोडेगावच्या बाजारात जनावरांसोबत ती आधी पोचायची. रविवारी सकाळी दुधाचा टेम्पो आमच्या दारात थांबला. ड्रायव्हरच्या शेजारी मांडीवर पितळी डबा घेऊन बसलेल्या एक धिप्पाड बाई खाली उतरल्या, आणि उतरतानाच त्यांनी विचारलं, "कुठंय ती शिकलेली?" सरूबाई. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात कोपरापर्यंत बांगड्या, आणि आवाज असा की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. आत्या आतून धावत आली, आणि दाराशी येऊन थबकली. पाया पडावं की तोंड लपवावं, तिला कळेना. सरूबाईंनी तिचा हात धरला. "वैनी, तुमी गप ऱ्हावा. तुमच्याशी माझं भांडन न्हाई." मग त्यांनी डबा उघडला. आत लोणी होतं, ताकात बुडवलेलं, पांढरंशुभ्र. "तूप आनलं न्हाई मी. आनलं असतं तर म्हनला असता, हे वायलं हाय. लोनी आनलंय. तुमच्या चुलीवर, तुमच्या पातेल्यात, समद्यांच्या म्होरं कढवते. मग कर म्हनावं तिला काय लाल-हिरवं करायचं ते."

लोणी कढण्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. आधी जोरात तडतड, मग कुणीतरी लांबून टाळ्या वाजवतंय तसा, मग बारीक कुजबुज. आईनं न सांगता विड्याचं पान आणून दिलं, सरूबाईंनी ते आत टाकलं, पान कुरकुरीत झालं आणि स्वयंपाकघरात असा काही वास भरला की अण्णा ओसरीवरून आत येऊन उभे राहिले, जे ते कधी करत नसत. भाजलेल्या दुधाचा, पानाचा, थोडा बेरीचा. माझी तपकिरी बाटली त्यापुढं गरीब वाटायला लागली. शेजारपाजार पुन्हा जमला होता. मी कोट घालू की नको असा विचार केला आणि घातलाच. तूप गाळलं, जरा निवलं. मी नळीत घेतलं, आम्ल घातलं, थेंब टाकले, हलवलं, ठेवलं.

वाट पाहिली. पुन्हा हलवलं. नळीकडे सगळे असे बघत होते जणू ती आता बोलणार आहे. तूप वर, आम्ल खाली. गुलाबाची पाकळी तर सोडाच, सावलीसुद्धा नाही.

"झालं?" सरूबाई म्हणाल्या.

"शुद्ध आहे," मी म्हणाले. या वेळी दुःखी आवाज काढायला कष्ट पडले नाहीत.

"ते मला ठावंच हाय. आता तू मला सांग, तुझं हे लाल व्हतंय कशानं?"

"तिळाच्या तेलानं."

"आमच्या घरात तिळाचं त्याल न्हाई. करडई हाय, शेंगदान्याचं हाय. वनस्पती तर माझ्या चुलीनं बघितली बी न्हाई. मग आलं कुठनं?"

हे वाक्य संपायच्या आत माझ्या डोक्यात काहीतरी हललं. मी आत्याला विचारलं, "आत्या, तूप तू यांच्या घरून कशात आणलंस?"

"कशात म्हंजी? किटलीत," आत्या म्हणाली. "शिंगनापूरवरनं येताना. त्याल वाहून झालं, किटली रिकामी. रिकामं भांडं घरी कसं आनायचं? म्हनून वन्संनी त्यात तूप वतलं. घरी येऊन बरनीत काढलं, झालं."

"किटली धुतली होतीस?"

"धुवायला काय, वाटेत का घंगाळ ठेवलं व्हतं? पदरानं भायरनं पुसली की. रिकामी तर हुती!" आणि मग तिचा आवाज खाली आला. "रिकामी... हुती न्हवं रे?"

हा प्रश्न मला नव्हता. अण्णांना होता. अण्णा छताकडे पाहत होते.

किटली खुंटीवर होती. कालच शनिवार होऊन गेला होता, तेव्हा काल सकाळीच ती शिंगणापूरहून आली होती. मी आमच्याच तुपातलं, ज्याची परीक्षा सगळ्यांसमोर झाली होती, चमचाभर पातळ करून तिच्यात ओतलं, किटली फिरवली, नळीत काढलं. थेंब टाकले. या वेळी वाट पाहावी लागली नाही. नळी अशी लाल झाली की पोरांनी गुलाल गुलाल म्हणून आरडाओरडा केला.

"मी खालनं वरडत हुते न्हवं," आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज चढत चढत आढ्याला भिडला, "उलटी धर म्हनून! शेवटचा थेंब पडूदे म्हनून! दर शनवारी वरडते! आन तू काय करतोस?"

"अक्का, थंडी वाजती," अण्णा म्हणाले. डेअरीवरचे लोक ज्यांना बघून उठून उभे राहायचे ते आमचे अण्णा. "वल्लं धोतर असतंय. वारं सुटलेलं असतंय. वततो न् तळाचं निथळायच्या आत उतरतो."

आत्यानं कपाळावर हात मारला, मग तिला खरं काय झालं ते कळलं आणि हात कपाळावरच राहिला. तिचे दोन नियम, रिकामं भांडं आणायचं नाही नि शनीचं तेल आणायचं नाही, तिनंच एका किटलीत एकत्र केले होते. "अगं बाई," ती हळूच म्हणाली, "शनीचं त्याल घरात आनलं. नुसतं आनलं न्हाई. खाल्लं. समद्यांनी." आणि तेव्हा आमच्या घरात जे कधी झालं नव्हतं ते झालं. माझी आई बोलली. "तरीच," ती भिंतीला टेकून म्हणाली, "ह्यांचं डोकं फिरलं न् पोरीला पुन्याला जा म्हनाले."

सरूबाई आधी हसल्या. त्यांचं हसणं म्हणजे आधी खांदे, मग बांगड्या आणि शेवटी आवाज. त्या हसल्या म्हणून शेजारीण हसली, मग अण्णा, आणि शेवटी आत्या, रडता रडता, पदर तोंडात कोंबून. सरूबाईंनी तिला जवळ घेतलं. "जाऊ द्या वैनी. देवाचं त्याल देवानंच दिलं म्हना. माझं तूप ग्वाड लागलं न्हवं?" आत्यानं मान हलवली. त्या दिवशी तिनं भाकरीवर तूप घेतलं, इतकं की भाकरी शोधावी लागली.

मी मात्र धुतलेल्याच नळ्या पुन्हा धुत होते. कारण सगळं स्वच्छ झालं होतं. सरूबाईंचं घर स्वच्छ, तूप स्वच्छ, आणि अर्थातच स्थळही. अण्णांनी घसा साफ केला. त्यांना झालेल्या अपमानाची भरपाई करायची होती, आणि त्यांच्याजवळ देण्यासारखी एकच वस्तू होती, ती कोट घालून पाटावर बसली होती. "सरूबाई," ते म्हणाले, "आमच्या हातनं चूक झाली. आता तुमी म्हनाल तसं. बाळासाहेबाचं आन हिचं..."

मी नळी धुवायची थांबले.

सरूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, गाय बघावी तसं, पण प्रेमानं. मग माझी तपकिरी बाटली उचलली, बूच काढून हुंगली. "भाकर भाजल्यावानी वास येतोय की," म्हणाल्या आणि परत ठेवली. "न्हाई हो," त्या अण्णांना म्हणाल्या. "पोरगी हुशार हाय. लई हुशार हाय. म्हनूनच नको. आमच्याकडं आली तर सकाळी दूध लाल करील, दुपारी तूप लाल करील, न् दिस मावळला की मला. बाळासाहेब गरीब हाय माझा. त्याला साधी बायको बघते. हिला तुमी पुन्याला घाला. दिलेला शब्द मागं घेऊ नगा."

अण्णांनी मान डोलावली. आईनं, मला वाटतं, श्वास सोडला. सगळं माझ्या मनासारखं झालं होतं, आणि मी तिथंच, कोटात, लाल झाले होते. मला नाकारलं होतं. मी आठवडाभर ज्या मुलाला मनातल्या मनात नाही म्हणत होते, ओसरीवर, स्वयंपाकघरात, भाकरी खाता खाता, त्याच्या आईनंच मला आधी नाही म्हटलं होतं, तेही मला न विचारता, आणि वर हुशार म्हणून! पुढं मी पुण्याला गेले, शेवगावला कॉलेजात शिकवलं, माझं लग्न माझ्या इच्छेनं एका अतिशय चांगल्या माणसाशी झालं, जो आत्ता पलीकडच्या खोलीत चष्मा शोधतो आहे आणि हे वाचणार आहे. तरीसुद्धा लिहिते, की त्या दुपारी मला फार लागलं होतं.

टेम्पो परत जायला निघाला तशी सरूबाई पुढं चढून बसल्या. आत्या त्यांना पोचवून, डोळे पुसत, अंगणातून परत येत होती. मी तिला जोत्याशी गाठलं. इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही याची खात्री करून घेतली आणि शक्य तितक्या शास्त्रीय आवाजात विचारलं, "आत्या, तो बाळासाहेब... दिसायला कसा आहे गं?"

आत्यानं कमरेवर हात ठेवले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर तिचं ते जुनं हसू आलं.

"लई देखना," ती म्हणाली. "जा आता पुन्याला."